पाठवणी राहून गेली

ही गोष्ट रात्रीची नाही.

आधीच सांगते, कारण अशी गोष्ट म्हटली की अमावस्या, बारा वाजलेले, सुनसान रस्ता असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. इथे तसलं काही नव्हतं. तारीख १७ मे २०२१, वार सोमवार, दुपारचे अडीच. तौक्ते वादळ मुंबईवरून गेलं तो दिवस. जागा, सीवूड्सच्या मॉलपासून रिक्षाने दहा मिनिटांवरचं खाडीकाठचं एक गाव. गावाचं नाव देत नाही. ती माणसं अजून तिथेच राहतात.

घडलं ते हेतलच्या समोर. हेतल करंजाड्याला आमच्याच मजल्यावर राहते. खोटं सांगून तिला काही मिळायचं नाही. उलट ही गोष्ट सांगताना तिची मान खालीच असते. का, ते पुढे कळेल.

हेतलचं माहेर आगरी. ती सहा वर्षांची असताना तिची आई गेली. तिला आणि तिच्या मोठ्या भावाला, प्रितमला, वाढवलं ते येसू आत्याने.

येसू आत्या म्हणजे हेतलच्या वडिलांची, जानूबाबांची, थोरली बहीण. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून चार वर्षांत माघारी आलेली. मूलबाळ नाही. घराच्या कडेला, माजघरातून दार असलेली एक पत्र्याची खोली होती, ती तिची. बापाने बांधून दिलेली.

आणि येसू आत्या धवलारीण होती.

त्यांच्याकडे लग्न म्हटलं की धवलारीण आधी ठरते, भटजी मागून. ती गाते ते धवले. मांडवात उभं राहून ती गाण्यातूनच देवांना बोलावते, खाडीला बोलावते, गावच्या वेशीला बोलावते... आणि घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन बोलावते. ती पुढे गाते, मागे उभ्या बायका ओळ उचलतात. लग्न पार पडलं की शेवटची गाणी पाठवणीची. नवरीच्या पाठवणीची नव्हेत. जे बोलावले ते परत जावेत म्हणून.

"भटजीला पुस्तक लागतं," आत्या म्हणायची. "माजं पुस्तक कुनी पायलं का? हितं हाय." आणि गळ्यावर बोट ठेवायची.

चार-पाच गावांत तिला मान होता. घरात मात्र तिचं एक मागणं कोणी ऐकत नव्हतं.

घर आजोबांचं. कागदावर नावही अजून त्यांचंच. मागे वारस दोन, जानू आणि येसू. २०२० मध्ये एका बिल्डरने शेजारची दोन घरं आणि हे घर मिळून बिल्डिंग उठवायचं ठरवलं. त्याचा माणूस येऊन सांगून गेला, बहिणीची हक्कसोड आणा.

हक्कसोड म्हणजे बहिणीने लिहून द्यायचं, की बापाच्या घरातला माझा हिस्सा मी भावाला सोडला. गावात सगळ्या बहिणी देतात. येतात, सही करतात, जेवतात, साडी घेऊन जातात.

येसू आत्याने दिली नाही.

"जानू, मना पैसं नकोत. नव्या बिल्डिंगीत एक खोली दे. धा बाय धाची असूंदे. पन दारावर माजं नाव पायजे."

"तुला घरातून काढतंय कोन?" जानूबाबा म्हणाले.

"कोन काढत नाय. म्हनून तर आताच सांगते. काढत नाय तवरच नाव लाव."

जानूबाबा ताटावरून उठले. त्या दिवसापासून भावाबहिणीचं बोलणं बंद. आत्या त्यांचं ताट वाढायची, पाणी ठेवायची, आणि न बोलता आपल्या खोलीत जायची.

हेतल तेव्हा बाळंतपणाला माहेरी होती. सप्टेंबरात लेक झाली, आणि लॉकडाऊनमुळे तिचा मुक्काम जानेवारीपर्यंत लांबला. दुपारी आत्या पाय लांब करून बसायची, पोरीला पायांवर पालथं घालून तेल चोळायची आणि गुणगुणायची. पोर तेलाने चकचकीत, डोळे अर्धे मिटलेले, मूठ तोंडात.

जानेवारीतल्या एका दुपारी हेतलने मोबाईल समोर ठेवला. "आत्या, सगळे धवले गा ना. तुझ्यामागे कोणाला येतात?"

आत्या हसली. "मेल्यावर वाजिवशील वाटतं."

पण गायली. पोरीला मांडीवर झोपवून, हलक्या आवाजात. एक्केचाळीस मिनिटं. देव आले, खाडी आली, वेस आली, गेलेल्यांची नावं आली. हेतलच्या आईचं नाव आलं तेव्हा आत्याचा आवाज जरा घोगरा झाला. ती खोकली आणि थांबली.

"आता पाठवणीची," हेतल म्हणाली.

"ती नाय गानार."

"का गं?"

"पाठवनीत घराच्या मालकाचं नाव घ्यावं लागतं. मी इचारायचं, कोनाचे घरान जेवलाव? मागच्या बायांनी नाव सांगायचं. मंग मानसं उठतात." तिने पोरीच्या कपाळावरचं तेल पदराने टिपलं. "कोनाचं नाव सांगशील तू? आदी तुजा बापूस काय करतो ते बगू. मंग गाईन."

रेकॉर्डिंग तिथेच थांबलं.

एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. आत्याला ताप भरला, मग धाप लागली. हेतल लेकीला सासूकडे ठेवून माहेरी आली. प्रितम दिवसभर फोन लावत होता. बेड नाही. कुठेच नाही. आत्याचं बोलणं बंद झालं होतं, नुसती छाती वरखाली.

तिसऱ्या दिवशी प्रितमने हेतलला माजघरात बोलावलं. त्याच्या हातात कागद होता आणि निळं स्टॅम्पपॅड.

"हेतल, समजून घे. हिला काय झालं तर सगळं अडकंल. बिल्डर सोडून जाईल. माझं लग्न ठरलंय ते फ्लॅटच्या जोरावर, तुला म्हायतीय. ती मला हात नाय लावून देनार. तुला देईल."

हेतल नाही म्हणाली. मग बाबा म्हणाले, "घरातल्या घरातच राहनार हाय ना? कोन परका खातंय?"

हेतल कागद घेऊन आत गेली.

आत्याने कागदाकडे पाहिलं, मग हेतलकडे. विचारायला आवाज नव्हता, पण डोळ्यांत प्रश्न होता.

"दवाखान्याचा आहे, आत्या," हेतल म्हणाली. "बेड मिळेल."

तिने आत्याचा अंगठा हातात घेतला. तापाने भाजत होता. शाईवर टेकवला, कागदावर आणला. आणि आत्याने स्वतःच दाबला. पुसट उमटू नये म्हणून नीट, जोर लावून.

दोन दिवसांनी ती गेली. पालिकेच्या माणसांनी गुंडाळून खोलीतूनच परस्पर नेलं. चेहरा कोणी पाहिला नाही.

प्रितमचं लग्न अठरा मेला ठरलेलं. तारीख बदलायला नवरीकडचे तयार नव्हते. पंचवीस माणसं, दोन तास, हा तेव्हाचा नियम. सतराला हळद आणि मांडव. हेतल आठ महिन्यांच्या लेकीला घेऊन आदल्या दिवशीच आली. नवऱ्याला द्रोणागिरीच्या गोदामात ड्युटी होती, तो नव्हता.

धवलारीण म्हणून उरणकडच्या गिरजाबाईंना सांगितलं होतं. येसू आत्याच्याच वयाच्या, ओळखीतल्या. पण सकाळपासून वारा सुटला. अकरा वाजता त्यांचा फोन आला.

"पोरी, मी यत नाय. हितं झाडं आडवी व्हतात. रिक्षावाला म्हनतो, म्हातारे, तुला पोचवीन पन वरती."

"मग आता?"

"नुसती हलद लावा. देवाला बोलवू नका, मानसांना बोलवू नका. बोलवाल तर पाठवनारं कोन नाय. मी बुदवारी येऊन सगलं रीतसर करीन."

हेतलने हे प्रितमला सांगितलं. तो डोक्याला बाशिंग लावून बघत होता.

"तू रेकॉर्ड केलंय ना आत्याचं? ते लाव. आत्याचाच आवाज हाय. तिलाच गायचं होतं माझ्या लग्नात."

"गिरजाबाई नको म्हणाल्या."

"त्यांना त्यांचे पैशे बुडतील ना. लाव तू. ब्लूटूथवर धवले, गावात पयला मान आपला."

ओटीवरच्या बायका हसल्या. हेतललाही हसू आलं. एक वाजून चाळीस मिनिटांनी तिने स्पीकर मांडवाच्या खांबाला लावला...

आणि प्ले दाबलं.

आत्याचा आवाज मांडवात आला.

*बोलवा गो बोलवा, मांडवान बोलवा*
*जुनी जानती मानसा, नाव घेवून बोलवा*

हसणाऱ्या बायका गप्प झाल्या. एकीने डोक्यावर पदर घेतला. ओळ संपली की त्या सवयीने मागून उचलू लागल्या. हेतलही उचलत होती. लेक तिच्या खांद्यावर, हळद लागलेले हात तिच्या केसांत. वर ताडपत्री फडफडत होती.

देव आले. खाडी आली. वेस आली.

मग नावं. आजोबांचं, आजीचं, चुलत आजोबांचं... एकेक नाव, एकेक ओळ. शेवटी हेतलच्या आईचं.

इथे आत्या खोकते. इथे गाणं संपतं. हेतलने ते इतक्यांदा ऐकलं होतं की तिचा हात मोबाईल बंद करायला आपसूक पुढे गेला.

खोकला आला नाही.

आवाज तसाच पुढे गेला. आणखी एक नाव आलं.

*येसूला बोलवा...*

बायकांनी ओळ उचलली. त्यांच्या काही लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते एकट्या हेतलच्या. जानेवारीत आत्या जिवंत होती. जिवंत माणसाचं नाव या गाण्यात घेत नाहीत.

तिने मोबाईलकडे पाहिलं. स्क्रीन काळी. कधी बंद पडला कोण जाणे.

आणि मग वारा आला.

आधीचा वारा हा वाराच नव्हता असं वाटावं, असा. ताडपत्री एका बाजूने सुटली आणि चाबकासारखी वाजू लागली. खांब कलले. हळदीचं ताट अंगणभर लोळत गेलं. शेजारच्या घराची चार कौलं अंगणात येऊन फुटली. बायका पोरं सांभाळत आपापल्या घरी पळाल्या. स्पीकर खांबावरून सुटून गटारात पडला. लाइट गेली.

घरात उरले चौघं. जानूबाबा, प्रितम, हेतल आणि कडेवरची लेक.

भर दुपार, पण आत अंधार झाला होता. प्रितमने दार लावून पाठीने दाबून धरलं. बाबा पाटावर बसून होते. बाहेर पत्रे, फांद्या, काय काय आपटत होतं.

लेक रडत होती. हेतल तिला छातीशी घेऊन थोपटत होती. "नाही गं राणी, वारा आहे तो, वारा..."

अचानक लेक रडायची थांबली.

तिने मान वळवली. हेतलच्या खांद्यावरून मागे पाहू लागली. मग तिची नजर हळूहळू सरकली... दारापासून माजघराच्या मधोमध... तिथून आत्याच्या खोलीच्या बंद दाराकडे. कोणीतरी समोरून चालत जावं आणि लेकराने बघत राहावं, तशी.

पुन्हा दारापासून खोलीकडे.

पुन्हा.

हेतलने मोजलं नाही. पण बऱ्याच वेळा.

"दादा," ती म्हणाली. "ऐकू येतंय?"

प्रितम त्याच बंद दाराकडे बघत होता. त्याचा चेहराच सांगत होता.

आत्याच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं. ती गेल्यापासून कोणी उघडलं नव्हतं. आवाज तिथून येत होता. तोच आवाज, अगदी जवळचा, श्वास घेतलेला कळावा इतका. गाणं ती आत गात होती. आणि ओळ संपली की मागून उचलणारेही होते. बायका, बाप्ये, म्हातारे. हळू, एका सुरात.

हेतलला कळलं, हे गाणं तिने कधी ऐकलेलं नाही.

ही पाठवणी होती.

किती सुंदर होतं ते, ती अजून सांगते. भीती होती, तरी ऐकावंसं वाटत होतं. लहानपणी आजारी असताना आत्या कपाळावर हात ठेवून बसायची, तसं काहीतरी त्या सुरात होतं. एकेकाला जेवलास का विचारत, एकेकाला पानसुपारी देत, एकेकाला उठवत ती गात होती.

आतून उठल्याचे आवाज येऊ लागले. गुडघ्यावर हात टेकून म्हातारं माणूस उठतं तसे. बांगड्या. काठी.

मग वारा पडला.

एकदम. ताडपत्री फडफडायची थांबली. खाडीकडून, रस्त्याकडून, कुठूनच काही आवाज नाही. तीन भिंतींपलीकडची म्हैस हंबरत होती, तीही गप्प.

त्या शांततेत आत्याने विचारलं.

*कोनाचे घरान जेवलाव... नाव घेवा गो नाव घेवा...*

उत्तर मागच्या बाईने द्यायचं असतं. घरात बाई एकच होती.

हेतलला उत्तर माहीत होतं. दोनच शब्द होते त्यात. येसूचे घरान. एवढंच म्हणायचं होतं. निदान दोघांचं तरी नाव घ्यायचं होतं.

तिने प्रितमकडे पाहिलं. त्याने हळूच मान हलवली. नको. हळद लागलेला चेहरा, कपाळावर घाम. उद्या त्याचं लग्न होतं.

*कोनाचे घरान जेवलाव...*

दुसऱ्यांदा. जरा थांबून. हेतलने ओठ उघडले. लेकीने तिच्या गालावर हात ठेवला. ती म्हणते, त्या वेळी मला आठवला तो आत्याचा अंगठा. तिने ओठ मिटून घेतले. ते नाव घेतलं असतं तर पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं.

*कोनाचे घरान...*

तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी गाण्यासारखं नाही. साधं, बोलल्यासारखं. आत्या ताट वाढून विचारायची तसं.

जानूबाबा पाटावरून उठले.

"जानूचे घरान," ते म्हणाले.

मोठ्याने. ठासून. बापाने पोरांना दटावावं तसं.

आतलं गाणं थांबलं.

मग आतून एक आवाज आला. ओरडण्याचा नाही, रडण्याचाही नाही. हेतलने तो मला सांगितला तेव्हा दुपारची वेळ होती, खिडक्या उघड्या होत्या, खाली भाजीवाला ओरडत होता, तरी माझ्या अंगावर काटा आला.

उठलेली माणसं... परत खाली बसली.

एकेक करून. बांगड्या. गुडघे. काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज.

आणि वारा पुन्हा सुरू झाला. पहिल्याच झोतात आत्याच्या खोलीचे पत्रे खिळ्यांसकट उखडले आणि उडून गेले.

साडेपाचच्या सुमारास जोर ओसरला. पाऊस चालू होता. प्रितमने कुलूप काढलं.

खोलीत कोणी नव्हतं. आत्याची पेटी, दोरीवरचं लुगडं, कोपऱ्यातली तेलाची बाटली. वर उघडं आभाळ. पाऊस थेट आत पडत होता, जमीन ओली झाली होती.

सगळी नाही.

भिंतीच्या कडेने जागा कोरड्या होत्या. माणूस मांडी घालून बसतो तेवढ्या. ओळीने. तिघं उंबऱ्यात उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांसमोर पाऊस पडत होता... आणि त्या जागांवर पडत नव्हता.

हेतलने मोजल्या. अकरा.

गाण्यात नावं अकराच घेतली होती. आत्याचं धरून.

प्रितमने दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. पंचवीस माणसं, दोन तास. भटजींनी मास्क लावून मंगलाष्टकं म्हटली. सगळं छान झालं असंच सगळे म्हणाले.

बुधवारी सकाळी हेतल करंजाड्याला निघायच्या तयारीत होती. नवी वहिनी स्वयंपाकघरात होती, घरातला पहिलाच भात. हेतल आत गेली तर चुलीवर मोठं पातेलं. पंधरा माणसांचं.

"वहिनी, एवढा?"

वहिनी गोंधळली. हळूच म्हणाली, "पाहुणे गेले नाहीत ना अजून?"

त्याच दिवशी गिरजाबाई यायच्या होत्या. आल्या नाहीत. फोनवर हेतलने रेकॉर्डिंग लावल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी फोनच ठेवला.

हेतलने रेकॉर्डिंग पुन्हा लावून पाहिलं ते आठवड्याने, घरी, लेक झोपल्यावर. फाइल होती. एक्केचाळीस मिनिटं. पण आत्याचा आवाज त्यात नाही. एक ओळ नाही, एक श्वास नाही. फक्त हेतलचा आवाज आहे, मध्येमध्ये. "हं... पुढे?... दमलीस का? पाणी देऊ?" आणि पुढे लांबच लांब शांतता. शेवटी तिचंच, "का गं?"

मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे नेला. तो म्हणाला, फाइल एकदम ओके आहे मॅडम, तुम्ही एकट्याच बोलताय.

ते धवले आता कुठेच नाहीत. आत्याकडून कोणी शिकलं नव्हतं.

जुलैमध्ये प्रितमने कागदपत्रं चंद्रशेखर वकिलांना दाखवली. पनवेलला, हेतलही बरोबर होती. वकिलांनी सगळं चाळलं. हक्कसोडीच्या कागदाशी थांबले, चष्मा वर केला.

"हा अंगठा कशाला घेतलात?"

"हिस्सा होता ना तिचा," प्रितम म्हणाला.

"होता. पण त्यांना मूलबाळ नाही, मृत्युपत्र नाही. बापाकडून आलेला हिस्सा बापाच्याच वारसांकडे जातो. म्हणजे तुमच्या वडिलांकडे. काही न करता आलाच असता." त्यांनी कागद बाजूला सारला. "आणि हा रजिस्टरही नाही. याचा उपयोग शून्य. दोन दिवस थांबायचं फक्त."

बाहेर रस्त्यावर आल्यावर प्रितम म्हणाला, "चल, एक टेन्शन गेलं."

हेतल तिथेच फुटपाथवर बसली. दोन दिवस. आत्याने तो अंगठा किती नीट दाबला होता.

दसऱ्यानंतर ती गिरजाबाईंकडे गेली. द्रोणागिरीच्या पुढे, कंटेनरच्या रांगा ओलांडून. गिरजाबाई ओट्यावर सुकी मासळी निवडत होत्या. हेतलने सगळं सांगितलं. अंगठ्याचंही. ते तिने पहिल्यांदाच कोणाला सांगितलं.

"नाव कुनी घेतलं?" गिरजाबाईंनी विचारलं.

"बाबांनी."

"कुनाचं?"

"स्वतःचं."

गिरजाबाईंचे हात थांबले. "खोट्या नावानं निरोप लागत नाय पोरी. उठली व्हती, बसली ती आता."

"तुम्ही पाठवणी गा ना. मी मागे उभी राहीन. खरं नाव घेईन."

"माजी पाठवनी माज्या घरान्याची. तुमची मानसं माज्या गान्याला उठायची नाय. येसूचं गानं येसूबरोबर गेलं."

"मग मी नुसतं नाव घेतलं तर? तिथे जाऊन?"

"घे की. कोन नको म्हनतंय?" त्यांनी एक बोंबील उचलला, उलटसुलट करून पाहिला. "पन आता इचारतंय कोन तुला?"

घर पडलं. बिल्डिंग उभी राहिली. २०२४ मध्ये जानूबाबा, प्रितम, वहिनी पहिल्या मजल्यावर राहायला गेले. तीन खोल्या, मोठा हॉल, खाडीकडे गॅलरी. हेतलने प्रितमला एकच सांगितलं, एका खोलीच्या दारावर आत्याच्या नावाची पाटी लाव. साधी, लाकडाची.

"मेलेल्या माणसाची पाटी? लोक काय बोलतील? घरात आधीच..." तो तिथे थांबला.

हेतल जाते अधूनमधून. रिकाम्या हॉलमध्ये उभी राहून तिने ते नाव घेतलंय. हळू घेतलंय, मोठ्याने घेतलंय, रडून घेतलंय. येसूचे घरान. येसूचे घरान. काही होत नाही. पंखा फिरत असतो.

गेल्या महिन्यात ती लेकीला घेऊन गेली होती. लेक आता शाळेत जाते. दारातून आत गेली आणि बूट काढून गपचूप भिंतीला चिकटून उभी राहिली. शिकवलं नाही कोणी.

जानूबाबा गॅलरीच्या दारात उभे होते. आता सत्तरी उलटली, पाय सुजलेले, हात चौकटीला धरलेला. वहिनी सांगते, दिवसभर असेच असतात. जेवतातही उभ्याने. हॉलमध्ये मोठा सोफा आहे, चार खुर्च्या आहेत. सगळ्या रिकाम्या.

"बाबा, बसा ना," हेतल म्हणाली.

जानूबाबांनी सोफ्याकडे पाहिलं. मग एकेका खुर्चीकडे. प्रत्येकीवर नजर जरा थांबत होती. मग ते हेतलकडे वळले आणि हळू आवाजात, कोणाला ऐकू जाऊ नये असं, म्हणाले,

"कुटं बसू?"